देवाचं गाडगं

चुन्यात हात घातला की सगुणाच्या बोटांना आधी गार लागायचं. आग सुटायची ती नंतर, भाकरी थापायला बसल्यावर. खाडीतल्या शिंपल्या भाजून केलेला चुना, चांगला विरवलेला, सायीसारखा दाट. त्यात काथ्याची कुंची बुडवायची, गाडग्यात हात घालायचा आणि कुंची फिरवायची. आधी तळ, मग पोट, मग गळा. गळ्याशी कोरं राहिलं तर तिथूनच आंबायला लागतं, असं नीरा केंद्रावरच्या मंदाकिनीबाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. सगुणाच्या हातून गळा कधी कोरा राहिला नव्हता.

रात्रभर ताडावर लटकलेल्या गाडग्यात चुना असला तर सकाळी गोड नीरा उतरते. नसला तर ताडी. झाड तेच, फुलोऱ्याची पोय तीच, तिच्यातून टपटपणारा रसही तोच. गेल्या वर्षापर्यंत कोलशेतच्या या टोकाला गाडग्याला चुना लावायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. दारूबंदी आली, तरी झाडं होती तिथंच होती आणि झाडावर चढणारे पायही. मग शिमग्याच्या आधी पोलीस आले. सगुणाचा नवरा राघो तेव्हा झाडावर होता. त्याला खाली बोलावून, कमरेचा कोयता काढून घेऊन, हाताला दोरी बांधून ठाण्यापर्यंत चालवत नेलं. शेजारचा आनंदा त्याच दोरीला बांधलेला होता. दोघं सुटून आले तेव्हा पाऊस संपत आला होता आणि राघोच्या पायाचे तळवे बायकांसारखे मऊ पडले होते. तो ते अंधारात चाचपून बघायचा. सगुणा झोपल्याचं सोंग करायची.

यंदा परवाना मिळाला होता. सकाळची नीरा केंद्रावर घालायची, उरलेली आटवून ताडगूळ करायचा. मंदाकिनीबाई पोया छाटण्यापासून गूळ साच्यात ओतण्यापर्यंत सगळं समोर उभ्या राहून दाखवायच्या. अट एकच होती. बिनचुन्याचं गाडगं सापडलं तर त्या माणसाची झाडं बंद.

"सगुणे," ओटीवरून सासऱ्यानं हाक मारली. गणूम्हाताऱ्यानं उमेदीत ताडावरून पडून खुबा मोडून घेतला होता. आता तो सकाळी ऊन येईल तिथं बसायचा आणि उन्हाबरोबर सरकायचा.

"काय बाबा?"

"एक गारगं तसंच ठेव."

"तसंच मंजे?"

"कोरं. बापदेवाचं."

सगुणाची कुंची थांबली. "बाबा, यंदा तसं नाय चालत. तुमच्या लेकाला सांगितलंय त्यांनी."

"लेकाला सांगितलंय. बापदेवाला कोनी सांगितलंय?" म्हातारा खोकला. "देव काय चुना चाटतं? पान खायाला बसलंय का तो?"

सगुणाला हसू आलं. म्हाताऱ्याला आलं नाही.

बापदेव म्हणजे बांधावरचा शेंदूर फासलेला दगड. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं, मधे बांध आणि बांधावर तो. हंगामाची पहिली ताडी त्याच्यावर ओतायची आणि मग माणसांनी ओठाला लावायची. गणूच्या बापानं ओतली, गणूनं ओतली, राघोनं ओतली. गेल्या वर्षी पहिलं गाडगं पोलिसांनी फोडलं. भादव्याच्या उधाणात बांध फुटला आणि लोंब्या धरलेल्या भातात खारं पाणी शिरलं. पाणी उतरल्यावर खाचरावर पांढरी पापडी धरली होती. सगुणानं ती नखानं खरवडून जिभेवर ठेवून पाहिली होती. बांध फुटायला खेकड्यांची बिळं पुरतात आणि बिळं बुजवायला त्या वर्षी घरात धडधाकट पुरुष नव्हता, हे तिला कळत होतं. पण ती पापडी तिनं डोळ्यांनी पाहिली होती आणि त्यापुढे तिला काही नीट कळत नव्हतं.

"यंदा फुटला तं काय खाशील?" म्हातारा म्हणाला. "चुना?"

सगुणानं पुढचं गाडगं ओढलं. गाडगी संपत आली तेव्हा एकाला नुसतं बाहेरून पुसलं आणि इतरांच्या मधे ठेवून दिलं.

राघोला सांगायचं नव्हतं. सांगितलं तर तो नाही म्हणणार आणि म्हाताऱ्याचं तोंड मग पावसापर्यंत बंद होणार नाही. तिनं मनात बेत केला होता. झाडावर राघो चढणार, पण गाडगी खाली घेऊन ओतून घेणारी ती. ज्याला आंबूस वास येईल ते बाजूला ठेवायचं, म्हाताऱ्याच्या हाती द्यायचं. एक रात्र, एक गाडगं. देवही राजी आणि केंद्रही.

पण त्याच दुपारी राघोचा पाय ताडाच्या झावळीच्या देठावर पडला. त्या देठाच्या कडांना करवतीसारखे दाते असतात. तळव्याची मऊ कातडी टाचेपासून बोटांपर्यंत उघडली. सगुणानं हळद दाबून धरली, तरी रक्त फडक्यातून येत राहिलं.

"कातरी नाय ऱ्हायली पायाला," राघो भिंतीकडे बघत म्हणाला. "बायकी पाय झालं."

आनंदा आला तो हसतच. उंच, काटकुळा, बोलताना सारखी मान हलवणारा माणूस. "काय र, झारानं लाथ मारली? परून ऱ्हा तू आता. तुजी झारा मी करतंय."

"तुजी ऱ्हातील."

"माजी झारा काय पलून जातील?"

तो गाडगी न्यायला अंगणात जायच्या आत सगुणानं ते कोरं गाडगं ओढून काढलं आणि कुडाच्या कडेला उपडं ठेवलं. आनंदाच्या हाताखाली ते चालणार नव्हतं. राघोचा पाय बरा झाला की बघू, असं तिनं ठरवलं.

उन्हं उतरायला लागली. आनंदानं राघोची झाडं आधी केली. मग स्वतःच्या झाडांकडे गेला. सगुणा आत राघोच्या पायाचं फडकं बदलत होती तेव्हा अंगणातून त्याची हाक आली.

"वयनी! माजं एक गारगं फुटलं. तुमचं एक नेतंय गो!"

"न्या," ती आतून म्हणाली.

फडक्याची गाठ मारून ती बाहेर आली. चुना लावलेली दोन शिल्लक गाडगी ओट्याखाली होती तशीच होती. कुडाच्या कडेला मातीवर नुसता एक गोल उमटला होता.

आनंदा समोरच होता. बांधालगतच्या ताडावर अर्ध्यात पोचला होता, पाठीवर गाडगं हलत होतं. खाली त्याची बायको बायजा शेरडाला काठीनं हाकत उभी होती. हाक मारली असती तर आनंदानं वरून मान वळवली असती. सगुणानं तोंड उघडलं. पण घरात राघो जागा होता, ओटीवर म्हातारा होता, खाली बायजा होती. हाक मारायची म्हणजे गाडगं कोरं का, हे सगळ्यांदेखत सांगायचं. आनंदा शेंड्याला पोचला. त्यानं गाडगं बांधलं, पोयीला कोयता लावला आणि काहीतरी गुणगुणत उतरायला लागला.

सकाळी तो चढायच्या आत जाऊ, असं तिनं स्वतःला सांगितलं. भावजी, ते गाडगं चुकून कोरं राहिलं, ओतून टाका. त्यात काय मोठंसं.

सकाळी धुकं होतं. ती अंगणातून निघाली तेव्हा रस्त्यावर जीप उभी दिसली.

ठाण्याहून दारूबंदीचे साहेब आले होते, बरोबर दोन शिपाई. मंदाकिनीबाईंना त्यांनी केंद्रावरूनच उठवून आणलं असावं; त्यांच्या पदराखालून स्वेटरची उलटी बाही दिसत होती. आनंदानं गाडगी उतरवून झाडाखाली ओळीनं मांडली होती. साहेब एकेका गाडग्यावर वाकायचे, बाई काचेच्या नळीत थोडी नीरा घ्यायच्या, बाटलीतले दोन थेंब टाकायच्या. नळी गुलाबी व्हायची. चुना असला की ती गुलाबी होते, हे आता पोरांनाही माहीत झालं होतं.

शेवटच्या गाडग्याला नळीची गरजच नव्हती. काठावर फेस आला होता आणि त्यात रात्रीचे किडे मेले होते. तरी बाईंनी थेंब टाकले. नळी पांढुरकीच राहिली. त्यांनी ती पुन्हा हलवली, जणू हलवली तर रंग येईल.

"हे कुणाचं?" साहेबांनी विचारलं.

"माजं," आनंदा म्हणाला. मग गाडग्याकडे बघून, "पन चुना लावलाय साहेब. म्या सोता लावलाय."

"मग ही ताडी कुठून आली? देवानं ओतली?" शिपाई हसले. "गेल्या वर्षी आत होतास ना रे तू?"

आनंदानं मान हलवली. या वेळी ती नेहमीसारखी हलली नाही.

सगुणा तुळशीपाशी उभी होती. कालचा चुना नखांत तसाच होता. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. तोंड उघडायला हीच वेळ होती, पण तिच्या डोळ्यांपुढे राघोच्या हाताची दोरी आली, आणि वेळ गेली.

"चढ," साहेब म्हणाले. "पोया काप. सगळ्या."

आनंदानं मंदाकिनीबाईंकडे पाहिलं. बाई हळू म्हणाल्या, "साहेब, एकच गाडगं आहे. एक संधी..."

"तुमचं केंद्र चालू राहायचं असेल तर मधे बोलू नका, बाई."

आनंदानं स्वतःच्या झाडावर स्वतःचा कोयता नेला. आठवडे घालवून ठेचलेल्या, चोळलेल्या, बांधलेल्या पोया. दाबून दाबून त्यांना रस सोडायला शिकवलेलं. एकेक खाली पडायची आणि मातीत धप्प वाजायची. कापलेल्या टोकांतून रस त्याच्या खांद्यावर, केसांत, डोळ्यांत गळत होता. तो पुसत नव्हता. दोन्ही हात गुंतले होते. उतरला तेव्हा अंगाला मुंग्या लागल्या होत्या आणि शिपायांनी त्याला आणखी एका झाडाकडे बोट दाखवलं.

बायजा साहेबांकडे बघतच नव्हती. ती नवऱ्याकडे बघत होती.

"कोनाला इकनार होतास?" तिनं विचारलं.

"कोनाला नाय गो."

"मंग फेस कनाला आला? आपोआप?"

आनंदा कोयता घेऊन पुढच्या झाडाकडे वळला.

*

त्या संध्याकाळी आनंदा येणार नाही असं सगुणाला वाटलं होतं. तो आला. राघोची गाडगी उचलली, राघोच्या झाडांवर चढला. दुसऱ्या दिवशीही, आणि तिसऱ्या दिवशीही.

"कनाला करतंस र?" राघो ओटीवरून म्हणाला. "तुजीच गेली."

"तुजी चालू हायत ना? पाय बरा होस्तोर करीन. मंग बघू."

एकदा गाडगी खाली देताना तो सगुणाशी बोलायला थांबला. कमरेची दोरी सोडता सोडता म्हणाला, "वयनी, मी लय इचार केला. तवा माजं एक फुटलं नव्हतं? तुमचं एक नेलतं."

सगुणानं हातातलं गाडगं खाली ठेवलं.

"तेच असंल काय, असंबी आलं मनात," तो म्हणाला. "पन नाय. तुमच्या हातचं गारगं कोरं ऱ्हायाचं नाय. बाईबी सांगतात सगल्यांना. मंजे माजंच एखादं ऱ्हायलं. हात चालत असतं, मन दुसरीकरं असतं. नाय का?"

"असंल," सगुणा म्हणाली.

एवढंच म्हणाली. तो गेल्यावर तिनं तेच गाडगं तीनदा धुतलं.

म्हाताऱ्यानं मात्र न सांगता ओळखलं होतं. कुडाच्या कडेचा गोल त्यालाही दिसला होता. दुपारी घरात कुणी नसताना तो म्हणाला, "आनंदानं नेलं ना बापदेवाचं गारगं?"

तिनं केर काढायला घेतला.

"बघ. देवाच्या वस्तूला हात लावला की असं होतं. तू कनाला तोंड बारीक करतंस? त्याचं त्यानं भोगलं."

क्षणभर सगुणाला हलकं वाटलं. खरंच हलकं, उतू जाणाऱ्या कढईखालचं लाकूड ओढून घ्यावं तसं. देवाचं होतं, देवानं पाहिलं. आपण कोण मधे? मग तिला स्वतःच्याच त्या हलकेपणाची किळस आली. आनंदाला ते देवाचं आहे हे कुणी सांगितलं होतं? जिला माहीत होतं तिनं 'न्या' म्हटलं होतं, आणि कळल्यावर गप्प बसली होती.

"बाबा, हे परत बोलू नका," ती म्हणाली.

"मी काय बोल्लू? मी देवाचं बोल्लू."

मंदाकिनीबाईंनी त्याच आठवड्यात नवा नियम केला. यापुढे सगळ्यांची गाडगी केंद्रावर आणायची आणि चुना एकाच माणसानं लावायचा. "सगुणाबाई लावतील," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "यांच्यावर माझा डोळे मिटून विश्वास आहे." बायका सगुणाकडे बघून हसल्या, काही कौतुकानं, काही तोंड वाकडं करून. सगुणाला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं.

गूळ आटवायला मदतीला बाईंनी बायजाला लावलं. तिच्या घरात आता काहीच येत नव्हतं, म्हणून. सगुणा आणि बायजा चुलीच्या दोन बाजूंना बसायच्या. मधे कढई. नीरा उकळायला लागली की वर करडा फेस यायचा, तो झाऱ्यानं काढायचा. मग रस घट्ट होत जायचा, बुडबुडे जड व्हायचे, आणि ढवळणाऱ्याच्या खांद्यात दुखणं भरायचं. बायजा तोंड मिटून ढवळायची. धुरानं डोळ्यांतून पाणी आलं की बाहीनं पुसायची, आणि ते धुराचंच आहे असं दोघी धरून चालायच्या.

"मी त्याच्यासंगती बोलत नाय," एकदा ती मधेच म्हणाली.

"कोनासंगती?"

"घरच्यासंगती. चुना लावला लावला करतंय. एवरं खोटं! चार पैसं जास्ती भेटतील मंनून हावऱ्यानं एक गारगं कोरं ठेवलं. पोरांच्या तोंडातला घास गेला. कबूल तरी करावं का नाय मानसानं?"

सगुणानं चुलीत लाकूड सारलं. आत जाळ आधीच पुरेसा होता.

या दिवसांत तिच्या हाताला एक खोड लागली. एकदा चुना लावून झाला की ती पुन्हा लावायची. गाडगं वाळत घातलं की उचलून आत बघायची, आणि पुन्हा कुंची फिरवायची. तळ, पोट, गळा. बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या, चिरांतून रक्त आलं, तरी एक थर आणखी. चुना नीरेत उतरायचा, नीरा कढईत, आणि गूळ काळा पडायला लागला. साच्यातून काढला की डांबरासारखा दिसायचा. जिभेवर ठेवला की खारट, मग कडवट.

मंदाकिनीबाईंनी एक खडा तोंडात टाकला आणि कागदावर थुंकला. "सगुणाबाई, चुना फार होतोय. इतका लागत नाही. आधी तुमचं माप चुकायचं नाही." त्यांनी तिचे हात उलटे करून पाहिले. "अहो, हे काय करून घेतलंय? इतकी भीती कशाची वाटते तुम्हाला?"

बाईंची बोटं थंड होती. कढईशी बायजा पाठमोरी उभी राहून खरवड काढत होती.  सगुणा सांगणार होती. बाईंना आधी सांगितलं तर बाई काहीतरी मार्ग काढतील, त्या शिकलेल्या आहेत. पण मग राघोची झाडं. राघोचा पाय नुकता टेकायला लागला होता. काल तो पहिल्यांदा एका ताडावर चढून उतरला होता आणि घामेजलेल्या तोंडानं तिच्याकडे बघून हसला होता.

"कमी लावीन, बाई," ती म्हणाली.

*

चैत्र लागला तसं खाडीचं पाणी तापायला लागलं. राघो आता स्वतःची झाडं स्वतः करत होता. आनंदा दिसेनासा झाला. कधी मिठागरावर टोपल्या वाहतो म्हणायचे, कधी नुसता बांधावर बसलेला असायचा.

एका सकाळी बायजा कढईवर उशिरा आली. आली ती ढवळणं हातात न घेता खाली बसली.

"आज जातंय तो," ती म्हणाली. "पलीकरं. तिवरात."

तिवरात काय आहे ते सांगायला लागत नव्हतं. खाडीपलीकडच्या तिवरांच्या झाडीत हातभट्ट्या होत्या. तिथली दारू रबरी ट्यूबांत भरून, पोहत या काठाला आणायची. पकडला तर या वेळी काही महिन्यांवर सुटका नव्हती. आणि ओहोटीच्या ओढीत ट्यूबसकट खाली गेलेली माणसंही होती.

"तू थांबवलं नाय?"

"थांबवलं. बोल्लू, तवा नाय घाबरलास, आता तरी घाबर. तो बोल्ला, तू तरी मना खोटारराच मंतंस, मंग खोटंच काम करतंय." बायजानं नाक पदराला पुसलं. "असं बोल्ला न् बघतच ऱ्हायला मना."

कढईतला रस वर चढत होता. एरवी सगुणानं झाऱ्यानं तो खाली दाबला असता. आता तो काठावरून उतू गेला, चुलीत पडला, चरचरला आणि जळक्या साखरेचा वास सुटला.

"बायजा," ती म्हणाली. "ते गारगं माजं होतं."

"कंचं?"

"फेस आलेलं. त्याचं एक फुटलं मंनून आमचं एक नेलतं. ते मी कोरं ठेवलतं. बापदेवासाठी. त्यानं चुना लावला होता. तो खोटं नाय बोलत."

बायजा तिच्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडावर राग आला नाही. काहीच आलं नाही. मग तिनं अगदी हळू विचारलं, "त्यानं नेलं ते तुना कवा कलालं? मागनं?"

इथं एक फट होती. मागाहून कळलं म्हटलं असतं तर नुसती चूक उरली असती. चूक कुणाच्याही हातून होते. सगुणानं ती फट पाहिली.

"नाय," ती म्हणाली. "त्याच टायमाला. तो झारावर होता. मी बघत होतू."

"न् बोल्ली नाय."

"नाय बोल्लू."

बायजा उठली. सगुणाला वाटलं ती मारणार, आणि मारलं तर बरं होईल. बायजानं तिचं मनगट धरलं, चिरांवर तिची बोटं रुतली.

"चल."

"कुठं?"

"मना सांगून काय उपेग? त्याला सांग."

त्या बांधावरून निघाल्या. बायजा पुढे, मनगट न सोडता. ओहोटी लागली होती. काठाचा चिखल उघडा पडत होता आणि त्यावर खेकडे पळत होते. मिठागरावर माणसं फावडी ओढत होती, ती मान वर करून बघायला लागली. या दोन बायका चूल सोडून पळतायत कुठं? "काय गो, कोन बुरालं का?" कुणीतरी ओरडलं. बायजा पळतच राहिली.

होडी सुटली होती. काठापासून बरीच आत, मधल्या धारेला लागायच्या बेतात. वल्ह्यावर एक परका माणूस आणि पुढच्या टोकाला पाठ करून बसलेला आनंदा. त्याच्या पायाशी फुगवलेल्या काळ्या ट्यूबा.

"आनंदाऽऽ!" बायजानं हाक मारली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तो वळला नाही. ती चिखलात शिरली, गुडघ्यापर्यंत रुतली, तिथूनच सगुणाला पुढे ओढलं. "बोल. बोल ना आता!"

सगुणाचा आवाज बारीक. घरातही तिचं बोलणं दुसऱ्या खोलीत जायचं नाही. तिनं श्वास घेतला.

"भावजी! गारगं माजं होतं!"

शब्द पाण्यावर पोचण्याआधीच वाऱ्यानं उडवले. आनंदानं किंचित मान फिरवली. वल्ह्याचा माणूस वल्हवत होता.

"अजून मोठ्यानं," बायजा म्हणाली. "त्याला आयकू नाय आलं."

मागे मिठागरावरची फावडी थांबली होती. बांधावर माणसं गोळा होत होती. त्यांच्याही मागे, स्वतःच्या ताडावर, राघो शेंड्याशी होता. तिथून सगळी खाडी दिसते आणि काठावर बोललेलं वर स्पष्ट ऐकू येतं. सगुणाला हे माहीत होतं. तिनं मागे वळून पाहिलं नाही. तिनं आणखी एक पाऊल चिखलात टाकलं, आणि पोटातून, बेंबीच्या देठापासून ओरडली.

"भावजी, मी चुना लावला नव्हता! मना ठावं होतं! मी गप ऱ्हायलू!"

होडीतला माणूस वल्ह्यावर हात ठेवून थांबला. आनंदा उठून उभा राहिला. होडी डुलली, त्यानं तोल सावरला. एवढ्या अंतरावरून त्याचं तोंड दिसत नव्हतं, फक्त उंच काटकुळी आकृती आणि मधे चकाकतं पाणी. वल्हं थांबलं तशी ओहोटी होडीला हळूहळू खालच्या अंगाला घेऊन चालली होती.

त्यानं तळवा कानामागे धरला.

"पुन्ना," बायजा म्हणाली. तिनं सगुणाचं मनगट सोडलं नव्हतं. "त्याला पुन्ना आयकायचंय."

मागे ताडावरचा कोयता थांबला होता. सगुणानं तोंड उघडलं आणि पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून.